तारेवरचं बोट

दार लोटून घ्या रे, आणि ते मोबाइल खिशात टाका. ऐकायचं तर धड ऐका. ही गोष्ट माझ्या शेजाऱ्याची. त्याच्याच तोंडून ऐकली आणि शेवटची वस्तू मी या डोळ्यांनी पाहिली, म्हणून सांगतोय.

सात वर्षांपूर्वी, अठरा नोव्हेंबर. लाइनच्या कामासाठी रात्री एक ते पाच वीज जाणार, अशी नोटीस सकाळीच आली होती. याची आई श्वासाच्या मशीनवर. मशीनला चोवीस व्होल्ट लागायचे आणि घरात होती गाडीची बाराची बॅटरी. पण गडी इलेक्ट्रॉनिक्सच्याच धंद्यातला! बाराचे चोवीस करणारा बोर्ड त्यानं दिवसभरात जोडून टाकला.

ज्यांच्या हाताखाली तो हे काम शिकला, ते मास्तर त्याला उतावळ्या म्हणायचे. उगाच नाही. अशा बोर्डात एक स्विच सेकंदाला लाखो वेळा उघडमीट करतो, आणि बाहेर किती व्होल्ट जातायत याची खबर एक बारीक तार तो स्विच चालवणाऱ्या चिपला देत असते. मास्तरांनी कानीकपाळी ओरडून सांगितलं होतं, "ती तार कॉइलजवळून नेऊ नकोस. गोंगाटात निरोप सांगून कळतो का कुणाला?" पण जागा कमी, वेळ त्याहून कमी. यानं तार कॉइलला खेटूनच नेली. बल्ब लावून पाहिला. चोवीस, चोख. गंगेत घोडं न्हालं!

एकला वीज गेली. बल्ब एकसारखा जळतो रे, पण ते मशीन दर श्वासाला कमी-जास्त ओढतं. कॉइल चिरकायला लागली. मीटरवर एकोणीस, अठ्ठावीस, वीस... मशीनचा भोंगा वाजला. आईचे डोळे मोठे झाले.

मास्तरांची एक खोड होती. बिघाड शोधताना ते बोर्डावर बोट टेकवायचे. बोटाखाली बोर्ड गप्प झाला, की चूक तिथंच. त्यांच्या उजव्या तर्जनीच्या पेरावर करवतीची जुनी तिरकी चीर होती. त्याच वर्षी मे महिन्यात गेले बिचारे.

यानंही त्या तारेवर बोट टेकवलं. कॉइल गप्प. चोवीस. उचललं की पुन्हा भोंगा.

आता आली पंचाईत! दुरुस्ती करायची तर बोर्ड बंद करावा लागणार, आणि बंद केला तर आई गुदमरणार. घरात तिसरं कोणी नाही. तो तसाच वाकून उभा राहिला. या पायावरून त्या पायावर. घड्याळाकडे बघ, आईकडे बघ. स्वतःच्या घाईला शिव्या घालून झाल्या, रडूनही झालं.

तीन वाजून दहा मिनिटं. बॅटरीवर ठिणगी उडाली. वायरचा चिमटा सुटत होता. बॅटरी खिडकीखाली, चार पावलांवर. हात पोचेना.

त्यानं बोट उचललं. धावला. चिमटा दाबून बसवला.

आणि मग लक्षात आलं...

भोंगा वाजलाच नव्हता.

वळून पाहिलं. मीटरवर चोवीस. कॉइल गप्प. बोर्डाजवळ कोणी नाही.

आईनं मास्क जरा बाजूला केला.

"अरे, खुर्ची दे ना त्यांना."

"कोणाला, आई?"

"तुझ्या मास्तरांना. किती वेळ वाकून उभे राहतील?"

...

यानं खुर्ची सरकवली. हसू नका. तुम्ही काय केलं असतं?

मग आईचा हात धरून बसला. बोर्डाकडे पाहायची हिंमत झाली नाही. पाच वाजून दोन मिनिटांनी वीज आली. यानं मशीन घरच्या विजेवर लावलं. लावलं मात्र... बोर्ड पुन्हा चिरकायला लागला.

आई त्यानंतर चार वर्षं जगली. नवा बोर्ड यानं दुसऱ्याच दिवशी केला, तार पार लांबून नेली. जुना एका डब्यात ठेवलाय. मला दाखवला त्यानं, गेल्याच आठवड्यात.

तारेवर फ्लक्सचा, म्हणजे डाग देताना लावतात त्या चिकट राळेचा, थर आहे. त्यात दोन ठसे. एक याचा. तो वाळून कडक झालाय.

दुसऱ्यावर तिरकी चीर आहे. मी नख लावून पाहिलं.

सात वर्षं झाली... तो अजून ओला आहे.