एकमताचा धूर

वाघजाई घाटाच्या पायथ्याशी असलेल्या तपासणी नाक्यावर आता ट्रक थांबत नाहीत. पूर्वी थांबायचे. सायलेन्सरमध्ये नळी खुपसून धूर तपासायचा, चालकानं तोवर चहा प्यायचा आणि बऱ्याचदा तपासणाऱ्यालाही पाजायचा, अशी रीत होती. सहमापन आलं आणि तो सगळा खेळ संपला. आता चालत्या ट्रकच्या सायलेन्सरमधला सेन्सर शेजारून जाणाऱ्या ट्रकच्या सेन्सरशी परस्पर संपर्क साधतो, आपला आकडा त्याच्या आकड्याशी ताडून बघतो आणि थोडाफार फरक निघाला तर स्वतःला दुरुस्त करून घेतो. फरक फारच असला तर बाकीचे सगळे मिळून त्याला 'विसंगत' ठरवतात, ट्रकवरचा हिरवा दिवा विझतो आणि नाक्यावरच्या पडद्यावर त्या ट्रकचा नंबर लाल होतो. मग तेवढा एक ट्रक बाजूला घ्यायचा, सेन्सर बदलायचा आणि काढलेला सेन्सर चुरा करणाऱ्या यंत्रात टाकायचा.

हे काम शर्वरी डोईफोडेचं होतं. नोकरी म्हणून होतंच, पण सहमापनाची कल्पनाही निम्मी तिचीच होती. उरलेली निम्मी हेरंब सबनीसची. कराडच्या कॉलेजात दोघं एकाच प्रयोगशाळेत होती. तो तिला सीनियर, आणि तिला सख्खा भाऊ नसल्यामुळे दर भाऊबीजेला ती त्याला ओवाळायची. पुढे हेरंब पुण्याला मापन मंडळाचा प्रमुख झाला, आणि घाटाखालचा हा नाका सांभाळायला शर्वरीशिवाय दुसरं कुणी नको असं त्यानंच वरिष्ठांना पटवून दिलं. या गोष्टीचा तिला अभिमान वाटायचा. हेरंबदादावर तिचा डोळे झाकून विश्वास होता.

त्या आठवड्यात पडदा लालेलाल झाला. नव्या मालातले सेन्सर बसवले की ट्रक घाट चढून बोगद्यात शिरायच्या आतच विसंगत ठरत होते. शर्वरीनं पुरवठादाराला माल परत न्यायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी पुरवठादाराचे इंगवले स्वतः येऊन हजर. वयस्कर, चिवट गृहस्थ. माल न्यायचं सोडून त्यांनी गाडीच्या डिकीतून एक सिलिंडर उतरवला.

"मॅडम, यात प्रमाणित वायू आहे. दहा लाखांत पाचशे भाग, मोजून भरलेला," इंगवले म्हणाले. "आमचा सेन्सर यावर लावून बघा. चुकीचा निघाला तर सगळा माल मी माझ्या हातानं तुमच्या त्या यंत्रात टाकतो."

"सिलिंडरची चाचणी बंद झाली, इंगवले. हजारो सेन्सर एकमेकांना तपासतात, मग सिलिंडर कशाला?"

"माझ्या समाधानासाठी समजा."

म्हाताऱ्याचं मन मोडायला नको म्हणून तिनं चाचणी लावली. विसंगत ठरलेला नवा सेन्सर सिलिंडरला जोडला. आकडा आला चारशे अठ्ठ्याण्णव. दुसरा लावला, तिसरा लावला. सगळे पाचशेच्या आगेमागेच. मग सिलिंडरमध्येच घोळ असणार अशी खात्री धरून तिनं नाक्यावरून जाणारा एक ट्रक थांबवून त्याचा सेन्सर उतरवला. हा वर्षानुवर्षं हिरव्या दिव्यात चाललेला, कधी तक्रार नसलेला. त्यानं त्याच वायूचा आकडा दाखवला एकशे सत्तर.

तिनं आणखी तीन ट्रकांचे सेन्सर उतरवले. एकशे पासष्ट. एकशे ऐंशी. एकशे सत्तर.

आपलं म्हणणं खरं ठरल्याचा आनंद इंगवल्यांच्या तोंडावर दिसेना. शर्वरीच्या पायाखालची वाळू सरकली होती आणि ते त्यांना दिसत होतं.

काय झालं असणार हे तिला उभ्याउभ्याच कळलं. ज्यानं ही पद्धत रचली त्यालाच ते इतक्या लवकर कळू शकतं. सेन्सरवर काजळी बसते, गंधक बसतो आणि तो हळूहळू मंद होतो. सगळेच मंद होतात आणि एकाच दिशेनं होतात. एक घड्याळ मागे पडलं तर घरातल्या बाकीच्या घड्याळांवरून लावून घेता येतं. पण घरातली सगळीच घड्याळं रोज थोडी थोडी मागे पडत असली तर वेळ कुणाला विचारायची? सुरुवातीला फरक थोडा होता, तेव्हा नवा सेन्सर दोन दिवसांत बाकीच्यांच्या सुरात सूर मिसळून गप्प व्हायचा. आता फरक इतका वाढला होता की नवा सेन्सर त्यांच्यात सामावेना. जो खरं सांगेल तो सदोष, असा हिशेब झाला होता. आणि ते खरं सांगणारे तिनं आपल्या हातानं यंत्रात टाकले होते, रोज, कर्तव्य म्हणून.

त्यातच तिला बोगद्याची आठवण झाली. बोगद्यातले पंखे ट्रकांच्या आकड्यांवरच चालत. आकडा कमी, तर पंखे संथ. बोगद्याच्या भिंतींवरचे मापकही याच सहमापनात जोडलेले. तिनं ताबडतोब नियंत्रण खोलीला फोन करून पंखे हातानं पूर्ण वेगात सोडायला लावले. कारण विचारलं तेव्हा "माझ्या जबाबदारीवर" एवढंच म्हणाली.

आणि मग तिला बिराप्पा कोळेकर आठवला.

खरं तर तो रोजच दिसायचा. बोगद्याच्या भिंती धुणाऱ्या टोळीत तो कामाला होता आणि दुपारी नाक्याच्या नळावर तोंड धुवायला यायचा. खोकायचा. शर्वरीला बघून मान लववायचा, आणि ती हातातल्या कामात डोकं घालायची. चार वर्षांपूर्वी त्याचा स्वतःचा ट्रक होता, नवाकोरा. जतच्या माळावर चारा न्यायचा. त्या रस्त्याला दिवस दिवस दुसरा ट्रक भेटायचा नाही, त्यामुळे त्याच्या सेन्सरला सहमापनाला सोबतच मिळत नसे. नाक्यावर आला की त्याचा आकडा सगळ्यांपेक्षा जास्त. तेव्हाचा फरक सेन्सर विसंगत ठरावा इतका नव्हता, पण धुराची मर्यादा ओलांडायला पुरेसा होता. खरं मोजलं असतं तर शेजारून जाणारे कितीतरी ट्रकही तेव्हा मर्यादेबाहेरच निघाले असते. दोष मग ट्रकवर आला, म्हणजे चालकावर. धुरातला विषारी वायू मारायला ट्रकच्या वेगळ्या टाकीत युरियाचं द्रावण भरावं लागतं. काही लबाड चालक त्यात साधं पाणी भरतात. बिराप्पा म्हणत होता, मी पाणी घातलेलं नाही. शर्वरीनं निदान लिहिलं, चालकानं पाणी मिसळलं. परवाना गेला, ट्रक गेला.

तिनं हेरंबला फोन केला. "दादा, आजच्या आज नाक्यावर ये," एवढंच सांगितलं. तीन तासांत तो आला. येताच त्याची नजर टेबलाकडे गेली. सिलिंडर इंगवल्यांनी परत नेला होता, टेबलावर नुसते सेन्सर पडलेले होते.

"प्रमाणित वायूवर लावून बघितलेस ना?" तो म्हणाला.

चाचणीचं अवाक्षरही शर्वरीनं फोनवर काढलं नव्हतं.

"तुला माहीत होतं," ती म्हणाली.

हेरंब खुर्ची ओढून बसला. घाम पुसला. "बस तू पण. बस आधी."

"कधीपासून?"

"शर्वरी, आधी ऐकून घे. हे सगळं दुरुस्त करायचं तर काय होईल माहितीये? एक खरा आकडा सगळ्यांना पाठवायचा. तो ट्रकामागून ट्रकाला लागत जाणार. एका सकाळी देशातले दोन-तृतीयांश ट्रक मर्यादेच्या बाहेर निघतील. नियमाप्रमाणे त्यांची इंजिनं आपोआप मंदावतील, रस्त्यातच. दूध, भाजी, दवाखान्याचा ऑक्सिजन, सगळं जागच्या जागी. ती सकाळ मी आणायची होती का?"

"मी विचारलं, कधीपासून?"

"पहिल्या एक-दोन वर्षांत शंका आली होती. नंतर खात्री झाली."

"कोळेकरच्या आधी?"

हेरंबनं खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर हिरव्या दिव्यांचे ट्रक एकामागून एक घाट चढत होते.

"आधी," तो म्हणाला.

शर्वरीला वाटलं होतं की आपण ओरडू. पण तिला आठवले ते दोन कागद. सिलिंडरची चाचणी बंद करायचा प्रस्ताव हेरंबचा होता. काढलेले सेन्सर परत तपासत न बसता चुरा करायचे, हाही त्याचाच नियम. दोन्ही कागदांवर तिनं हसत सह्या केल्या होत्या, कारण दादानं सांगितलं होतं.

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तू गप्प बसली असतीस का?"

"नाही."

"म्हणूनच." तो अगदी हळू, समजुतीच्या सुरात बोलत होता, आणि तेच तिला असह्य होत होतं. "या नाक्यावर खरोखर विश्वास असलेलं माणूस हवं होतं. तू नाकासमोर चालणारी. तू सांगितलं की सेन्सर सदोष आहे, तर ट्रकवाले भांडत नाहीत. तुला कळलं असतं तर तुझ्या तोंडावर दिसलं असतं. मी तुला या पापापासून लांब ठेवलं, असं समज."

"लांब?" शर्वरी म्हणाली. "माझ्याच हातानं करून घेतलंस की सगळं."

केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच. लबाड माणसाची तर कुणालाही शंका येते, म्हणून त्यानं लबाड माणूस निवडलाच नव्हता. त्याच्या यंत्रणेत एक सुटा भाग कमी पडत होता, तिचा प्रामाणिकपणा. तो त्यानं बरोबर जागी बसवला आणि इतकी वर्षं भाऊबीजेचं ताट पुढे आलं की मान पुढे करून कुंकू लावून घेतलं.

"संध्याकाळी मी चाचणीचे आकडे सगळीकडे पाठवणार आहे," ती म्हणाली. "मंडळाला, वर्तमानपत्रांना, ट्रकमालकांच्या संघटनेला. इंजिनं एकदम मंदावू नयेत म्हणून काय करायचं ते तुम्ही बसून ठरवा. तेवढी अक्कल तुमच्याकडे आहे."

"पाठव," हेरंब उठत म्हणाला. तो रागावलेला नव्हता, थकलेला होता. "लाखो सेन्सर एक सांगतायत आणि तुझे दोन-चार सेन्सर दुसरं. लोक काय म्हणतील? तुझंच काहीतरी बिघडलं म्हणतील."

तो गेला. शर्वरीनं निरोपाचा हात केला नाही.

ऊन उतरायच्या आधी ती बोगद्याकडे चालत गेली. पंखे पूर्ण वेगात घोंगावत होते. तोंडाशी पाण्याचा टँकर उभा होता आणि त्याच्या सावलीत बिराप्पा लांब दांड्याचा ब्रश टेकवून बसला होता. तिला येताना बघून तो गडबडीनं उठला.

"बसा, बिराप्पा," ती म्हणाली आणि स्वतःही त्याच्यासमोर दगडावर बसली. "तुमच्याशी बोलायचंय. तुमच्या ट्रकबद्दल."

"आता काय त्याचं, ताई. गेलं ते."

तिनं सगळं सांगितलं. काही लपवलं नाही, सोपं करून सांगितलं. तुमच्या ट्रकचा आकडा खरा होता, बाकी सगळ्यांचे चुकत होते. मी चुकीचं लिहिलं. ज्याला हे माहीत होतं तो माझ्याच जवळचा माणूस होता, पण सही माझी आहे. मी वरती लेखी देणार आहे, तुमचा परवाना परत मागणार आहे. तो चिडेल, शिव्या देईल, निदान ब्रश तरी आपटेल, याची ती वाट बघत होती. त्यानं तसं केलं असतं तर तिला बरं वाटलं असतं.

बिराप्पा खाली बघत ऐकत होता. मध्ये एकदा खोकला आला तेव्हा त्यानं तोंडावर पटका धरला.

"न्हाई ताई," तो शेवटी म्हणाला. "तुमी मनाला लावून घिऊ नका. चूक माजीच हुती. मी घातलं हुतं पानी."

"असं कसं? तेव्हा तर तुम्ही शपथेवर नाही म्हणत होता."

"म्हनत हुतो. पैल्यांदा म्हनलो. मग मशीन म्हनलं घातलं, तुमी म्हनला घातलं, गावात समदी म्हनाया लागली. बायकू बी म्हनली, आवो, कवातरी घातलं आसंल, कबूल करा आन मोकळं व्हा. सारकं सारकं इचार केला तवा मलाबी आटवाया लागलं. आटपाडीच्या फुडं एक हिर हाय. तितं थांबलो हुतो, कळशीनं पानी काडलं हुतं. ते टाकीतच वतलं आसंल."

"ते इंजिनात घातलं असेल. प्यायला घेतलं असेल."

"आसंल," बिराप्पा म्हणाला.

शर्वरीनं त्याचा हात धरला. साबणानं आणि काजळीनं त्याची कातडी भेगाळली होती. "बिराप्पा, नीट आठवून सांगा. माझ्याकडे बघून नका सांगू. मी काय म्हणते ते सोडा, गाव काय म्हणतं ते सोडा. युरियाच्या टाकीत तुम्ही पाणी घातलं होतं की नाही?"

तो विचार करू लागला. अगदी मनापासून करू लागला, कपाळाला आठ्या घालून. बोगद्यातून एक लांबलचक ट्रक बाहेर पडला, हिरवा दिवा लुकलुकवत निघून गेला आणि त्याचा धूर दोघांच्या अंगावरून सरकला. बिराप्पाच्या ओठांची नुसती हालचाल होत होती. त्याच्या डोळ्यांत तिला विहीर दिसत होती, कळशी दिसत होती, पण त्यापुढचं त्याला स्वतःलाच सापडत नव्हतं.

"आता न्हाई सांगता येत, ताई," तो म्हणाला. "तुमी म्हनताय तर नसंल घातलं."

मग थोडं थांबून, तिला अडचणीत तर टाकत नाही ना अशा बेतानं, त्यानं विचारलं, "पर उद्या तुमचं सायेब म्हनलं घातलं हुतं, तर मी काय म्हनू?"