पश्चिम गॅलरीचे एकशे वीस सांधे

शुक्रवारी दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी स्टेडियमच्या पश्चिम गॅलरीतून एक लोखंडी नट खाली पडला.

त्याचा आवाज ऐकला आदर्शनं. अकरा वर्षांचा आदर्श बाराव्या रांगेत खुर्च्यांना नंबरांचे स्टिकर लावत होता. पायाला मुंग्या आल्या म्हणून त्यानं तो आपटला. पायाखालची फळी हलली आणि खाली कुठंतरी 'टण्' असा आवाज झाला. तो पायऱ्या उतरून गॅलरीच्या पोटात शिरला आणि गुडघ्यांवर रांगत नट घेऊन बाहेर आला.

"ही गॅलरी दात पाडाय लागलीय," तो म्हणाला.

त्याची बहीण ऋतिका आणि तिची मैत्रीण समता खालच्या रांगेत होत्या. दोघी तेरा वर्षांच्या, एकाच वर्गातल्या. तिघंही हिंडलग्याचे. दसऱ्याची सुट्टी चालू होती आणि त्यांच्या शाळेतल्या माधवी बाईंनी या तिघांना इथं मदतीला पाठवलं होतं. बाई स्वतः नंदगड आणि लोंढ्याकडच्या शाळांच्या मुलांना बसनं आणायला गेल्या होत्या.

बेळगावच्या कडेला असलेलं हे बंदिस्त स्टेडियम सहा महिन्यांपूर्वी सुरू झालं होतं. एरवी इथं बॅडमिंटन आणि कबड्डी चाले. आज संध्याकाळी सहाला गाण्यांचा पहिला मोठा कार्यक्रम होता. तीन बाजूंच्या गॅलऱ्या सिमेंटच्या, पक्क्या. चौथ्या, म्हणजे पश्चिमेच्या बाजूला लोखंडी पाइप आणि फळ्या जोडून तात्पुरती गॅलरी उभी केली होती. तिच्यावर चारशे शाळकरी मुलं बसणार होती, आणि ठेक्याच्या गाण्याला चारशे मुलं स्वस्थ बसत नाहीत. स्टेडियमचे दरवाजे पाचला उघडणार होते.

तिघं नट घेऊन व्यवस्थापक मारुतीराव यांच्या ऑफिसात गेली. मारुतीराव एका कानाला फोन लावून, दुसऱ्या हातानं निमंत्रणपत्रिकांवर सह्या करत होते. त्यांनी नटाकडे पाहिलंही नाही. नवी गॅलरी थोडी कुरकुरतेच, असं त्यांनी सांगितलं आणि पेनानं भिंतीवरच्या फळ्याकडे बोट दाखवलं.

"आयतु, आयतु. झालंय काम. वाचता येतं न्हवं?"

फळ्यावर लिहिलं होतं: पश्चिम गॅलरी, सगळे नट आवळणे, प्रेमानंद. पुढं हिरव्या खडूनं बरोबरची ठसठशीत खूण होती.

बाहेरच्या बोळात आल्यावर समता थांबली.

"हे खोटं हाय," ती म्हणाली. "पप्पा मंगळवारपासून बेळगावात न्हाईत."

प्रेमानंद म्हणजे समताचे वडील. ते या स्टेडियममध्ये कंत्राटावर फिटर होते. दरवर्षी विजयादशमीला ते दीक्षाभूमीच्या दर्शनाला नागपूरला जात. मंगळवारी सकाळी समतानं स्वतः त्यांना स्टेशनवर सोडलं होतं. मिरजेला गाडी बदलून ते बुधवारी दुपारी पोचले. काल रात्री त्यांनी तिथल्या गर्दीचा फोटो पाठवला होता. आज ते परतीच्या गाडीत होते.

गॅलरी उभी राहिली ती बुधवारी. मग नट आवळले कोणी?

ऋतिकाच्या लक्षात दुसरीच गोष्ट आली. येत्या सोमवारी स्टेडियमच्या समितीची बैठक होती. प्रेमानंदना कायम करायचं की नाही, हे तिथं ठरणार होतं. ही गॅलरी आज खचली तर मुलांचे हातपाय मोडतीलच. शिवाय फळ्यावर नाव होतं ते प्रेमानंदचं.

"म्हंजे पडणार आम्ही, आन् सापडणार तुझे पप्पा," आदर्श म्हणाला. ऋतिकानं त्याला कोपर मारलं, पण समतानं मान हलवली. नेमकं तेच होणार होतं.

तीन वाजून पस्तीस मिनिटं झाली होती.

फिटरांचे प्रमुख आण्णाप्पा जिन्यावर लाल जाजम अंथरून घेत होते. पन्नाशीचे, मोठ्या मिशांचे आण्णाप्पा मुलांवर आधी चिडलेच. तीस वर्षं पाना धरलाय, आता पोरांनी शिकवायचं राहिलं, असं त्यांनी दोनदा सांगितलं. मग समतानं विचारलं, की मामा, बुधवारी नट तुमच्यादेखत आवळले का?

आण्णाप्पा जरा घुटमळले. बुधवारी खंडेनवमी होती. सकाळी त्यांनी सगळ्या पान्यांची, हातोड्यांची मांडणी करून पूजा केली, झेंडूचे हार घातले. पूजेला लावलेल्या हत्याराला दसरा होईपर्यंत हात लावायचा नाही, हा रिवाज. आणि पाइपांचा ट्रक आला दुपारी बारा वाजता! मग त्यांच्या हाताखालच्या माणसांनी पाइप जोडले, बोल्ट घातले आणि नट नुसते बोटांनी फिरवून ठेवले.

"मग आवळले कुणी, मामा?"

"तुझ्या बापानं. तो काय पूजेला पाना लावत न्हाय. म्हटलं संध्याकाळी येईल आन् आवळून टाकील. न्हेमी तसंच करतो त्यो."

"तुम्ही त्यांना सांगितलेलं?"

"सांगायचं काय त्यात? त्याला ठाऊक असतंय की."

"मामा, पप्पा नागपूरला गेल्यात. बुधवारी ते तिकडंच होते. त्यांचा पाना आमच्या दारामागं टांगलाय."

आण्णाप्पांच्या हातातलं जाजमाचं टोक खाली पडलं. ते वयाला न शोभणाऱ्या वेगानं गॅलरीखाली शिरले. मुलं मागोमाग. पाइपांच्या पहिल्याच सांध्याशी त्यांनी अंगठा आणि तर्जनी लावली. नट फिरला. दुसऱ्या सांध्याचा फिरला. तिसऱ्याचा नट निम्मा सुटलेलाच होता. दोन दिवस वर माणसांची ये-जा चालू होती, त्या हादऱ्यांनी तो आपोआप फिरला होता.

"एकशे वीस सांधं," आण्णाप्पा हळूच म्हणाले. "एकेकाला दोन नट."

चार वाजायला पाच मिनिटं होती. आण्णाप्पा ऑफिसकडे धावले. मारुतीरावांनी त्यांचं बोलणं अर्ध्यावर तोडलं. प्रमुख पाहुणे हुबळीहून निघाले होते, फाटकावर रांग लागली होती. पाचला दरवाजे म्हणजे पाचला. शाळेची पोरं हलकी असतात, त्यांना काय होतंय? आवळायचं ते कार्यक्रम झाल्यावर आवळा, आधी जाजम संपवा. आण्णाप्पा तोंड पाडून बाहेर आले. त्यांचं कंत्राट मारुतीरावांच्या हाती होतं, आणि त्यांची माणसं त्यांच्या तोंडाकडे बघत उभी होती.

ऋतिकानं माधवी बाईंना फोन लावला. बस खानापूरच्या अलीकडे होती. बाईंनी शांतपणे सगळं ऐकलं आणि एवढंच सांगितलं, की माझ्या परवानगीशिवाय माझं एकही मूल त्या गॅलरीवर चढणार नाही. पण बाकीच्या शाळा माझं ऐकतील असं समजू नका, साहेबांनाच पटवावं लागेल.

"साहेब ऐकत न्हाईत," आदर्श म्हणाला.

"ऐकायचं कशाला?" ऋतिका म्हणाली. "त्यांना दाखवूया."

बेत साधा होता. गॅलरीच्या अगदी खालच्या, गुडघ्याएवढ्या उंचीच्या रांगेवर कुणी चढू नये म्हणून तिथं दोरी बांधायची. मग तिथल्या सांध्यांचे नट काढायचे, तेही पाना न लावता. समतानं आणखी एक अट घातली: कुठला नट कुठला, ते लिहून ठेवायचं. तिनं उरलेले स्टिकर घेतले आणि पाइपांवर एक, दोन, तीन असे आकडे चिकटवत गेली. आदर्श पोटावर झोपून नट फिरवत होता, ऋतिका ते ओढणीत गोळा करत होती. आण्णाप्पा जाजमाच्या गुंडाळीआडून बघत होते. त्यांनी काही अडवलं नाही. उलट मुलांकडे पाठ केली आणि आपल्या माणसांना पाने आणायला स्टोअरकडे पाठवलं.

चार वाजून बारा मिनिटांनी समतानं ओढणी मारुतीरावांच्या टेबलावर उघडली. निमंत्रणपत्रिकांवर अकरा नट गडगडले.

मारुतीरावांनी फोन बाजूला ठेवला.

"हे कुठले?"

"पश्चिम गॅलरीचे, सर."

"कुणी काढले?"

"आम्ही."

"पाना कुणी दिला तुम्हाला? कुणी दिला पाना?"

समतानं दोन्ही हात पुढं केले. दहाही बोटं काळ्या तेलानं माखली होती. आदर्शनंही आपली दाखवली. मग ऋतिकानं.

मारुतीराव उठले. ते स्वतः गॅलरीपाशी गेले, कोट सांभाळत खाली वाकले आणि समोर आलेल्या पहिल्या नटाला त्यांनी दोन बोटं लावली. नट फिरला. त्यांनी तो आणखी एकदा फिरवला, बहुतेक खात्री करायला. मग ते सरळ झाले आणि गळ्यातल्या वॉकीटॉकीवर म्हणाले, की मी सांगेपर्यंत दरवाजे उघडू नका.

आण्णाप्पांना एवढंच हवं होतं. माणसांनी स्टोअरमधून पूजेतले पाने आणून ठेवले होते. आण्णाप्पांनी पान्यांवरचे सुकलेले हार उतरवले, एकदा कपाळाला हात लावला आणि एकेकाच्या हातात पाना दिला. आण्णाप्पांसह सात माणसं, दोनशे चाळीस नट. समतानं सांध्यांचे आकडे ओरडून सांगायचे, काम झालं की ऋतिकानं त्या सांध्यावर स्टिकर लावायचा, आणि आदर्शनं मागं जाऊन प्रत्येक नट बोटांनी फिरतो का बघायचं. फिरला तर आण्णाप्पांना हाक.

"एकोणीस फिरला, मामा!"

"फिरला? कुणाचा एकोणीस? शामू, तुझा न्हवं? जेवलास का न्हाय रं आज?"

सगळे हसले, शामूही. बाहेर फाटकावर लोकांचा गलका वाढत होता. पाच वाजून गेले. साठ सांधे झाले. सव्वापाचला ऐंशी. माधवी बाईंची बस आली. बाईंनी मुलांना बाहेरच्या झाडाखाली बसवलं आणि गाणी म्हणायला लावली.

याच वेळी ऑफिसात वेगळंच सुरू झालं होतं. मारुतीराव समितीच्या कुणाला तरी फोनवर सांगत होते, की प्रेमानंद नावाच्या फिटरनं कामात हयगय केली, त्याच्यावर कारवाई करतो. पाणी प्यायला आलेल्या समताच्या कानावर ते पडलं.

ती आत गेली. टेबलासमोर उभी राहिली आणि सांगू लागली. पप्पांनी रजेचा अर्ज दिला होता. ऑफिसात अर्ज कन्नडमध्ये लागतो, म्हणून पप्पांनी सांगितला आणि तिनं लिहिला. वीस तारखेला तो याच टेबलावर दिला होता.

असा अर्ज आपल्याकडे आलाच नाही, असं मारुतीराव म्हणाले. समतानं सरांची परवानगी घेऊन कोपऱ्यातली फाइल उघडली. वरून पाचवा कागद. तिचं गोल, वळणदार अक्षर. खाली 'मंजूर', आणि मारुतीरावांची मोठी, लफ्फेदार सही.

सही अर्ज न वाचताच केलेली होती. ते सांगायची कुणाला गरज पडली नाही. मारुतीरावांनी फोनवर पलीकडच्या माणसाला थांबायला सांगितलं, घसा साफ केला आणि म्हणाले, "चूक त्याची न्हाय. माझी हाय. न वाचता सही केली मी."

सहाला दहा मिनिटं असताना एकशे विसावा सांधा आवळला गेला. आदर्शनं सगळीकडे बोटं लावून पाहिली. एकही फिरला नाही. आण्णाप्पा आणि त्यांची सहा माणसं बाराव्या रांगेत चढून एकदम नाचली. फळी हूं की चूं करेना. मग दरवाजे उघडले.

कार्यक्रम पस्तीस मिनिटं उशिरा सुरू झाला. त्याआधी मारुतीरावांनी माइकवर उशिराचं खरं कारण सांगितलं आणि तिघांची नावं घेतली. चारशे मुलांनी पाय आपटून दाद दिली. गॅलरी गप्प. माधवी बाईंनी तिघांच्या पाठीवर थाप मारली आणि आधी साबणानं हात धुवायला पाठवलं. आण्णाप्पा समताजवळ आले.

"तुझ्या बापाला इचारायला पायजे होतं मी," ते म्हणाले. "धरून चाललो, हे चुकलं. सोमवारी बैठकीत येऊन हेच सांगतो."

सात वाजता मारुतीरावांनी समितीला पत्र लिहिलं. अर्ज मिळाला होता, रजा मंजूर होती, फळ्यावरची खूण प्रेमानंदची नव्हे. समतानं ते वाचलं आणि आणखी एक ओळ घालायला सांगितली: अर्ज दिल्याची तारीख. त्यांनी ती घातली. फळ्यावर खूण कोणी केली, हे विचारल्यावर ऑफिसातले चारही जण छताकडे बघू लागले.

सात वाजून वीस मिनिटांनी प्रेमानंदना फोन लागला. समतानं सगळं सांगितलं. शेवटी त्यांनी विचारलं, की पोरांना लागलं नाही ना कुणाला, आणि सोमवारच्या बैठकीचं काय म्हणाले साहेब?

"पत्र दिलंय, पप्पा. पुढचं अजून काही—"

फोन तुटला. तिनं तीनदा लावला, लागला नाही. मोबाइलवर दिसत होतं, की गाडीनं भुसावळ सोडलं आहे आणि ती पन्नास मिनिटं उशिरा धावते आहे. रेंज गेली असणार; उरलेलं ती उद्या स्टेशनवरच सांगणार होती.