दम धर

सुईपेक्षा यशोदाबाईची जीभ धारदार, असं भावकीत म्हणत. धुळ्याच्या दवाखान्यात तिच्या धाकट्याच्या, झुलालच्या लिव्हरचा तुकडा तपासणीला काढायचा होता. तिनं आधी नर्सलाच धारेवर धरलं.

"सुई उकळी का? का मागला पेशंटना पोटमानी तशीच शे?"

नर्सनं निमूटपणे उकळतं भांडं दाखवलं.

डॉक्टर पुण्याकडचे. "श्वास रोखून धरा. सुई आत असताना श्वास घेतला, तर लिव्हर फाटेल." झुलाल इतका भेदरलेला, की ऐन वेळी धापा टाकी. शेवटी डॉक्टर म्हणाले, "आई, तुमच्या भाषेत तुम्हीच सांगा."

यशोदाबाई उशाशी गेली. "दम धर, झुलाल. मी सोड म्हनसू तवलोंग सोडू नको."

आईचा शब्द त्यानं कधी मोडला नव्हता. त्यानं दम धरला. सुई गेली, आली. दोऱ्याएवढा तुकडा बाटलीत पडला. नर्सनं त्याला उजव्या कुशीवर वळवलं आणि वापरलेली सुई उघड्या ट्रेमध्ये टाकली. यशोदाबाई जी तिच्यावर घसरली, ती घसरलीच.

सोड म्हणायचं राहून गेलं.

संध्याकाळी डॉक्टरांनी कानातली नळी झुलालच्या छातीला लावली. काढली, झटकली, दुसरी मागवून लावली. "नाडी उत्तम आहे," ते भिंतीकडे बघत म्हणाले. "घरी न्या."

घरी ओसरीवर नवा कापूस पडला होता. झुलाल त्याला टेकून बसे. जेवे, हसे; बोलत मात्र नसे. एका दुपारी कापसाचा पुंजका उडून त्याच्या नाकाखाली चिकटला. वारा पडला. यशोदाबाई बघत राहिली.

पुंजका हलला नाही.

तिनं तोंड उघडलं, "सो..." आणि पदर तोंडात कोंबला. नवरा गेला तेव्हा बाया म्हणाल्या होत्या, आबांनी जीव सोडला. सोडला, म्हणजे गेला.

"अक्का, बैल सोडू का?" अंगणातून वना या सालदार गड्यानं विचारलं.

तिनं धावत जाऊन झुलालचे कान दाबले.

तेव्हापासून त्या घरात बैल मोकळे करतात. गाठी उकलतात. तो शब्द कुणी काढत नाही.

परवा झुलालनं तिचा हात धरून आपल्या छातीवर ठेवला. आत ठोका होता. बाकी काही नव्हतं. त्याचे डोळे भरून आलेले, तिच्या ओठांवर खिळलेले.

"दम धर, बाळा," ती म्हणाली. "आखो थोडा दम धर."

त्यानं मान हलवली. शहाण्या पोरासारखी.

संक्रांत आली. नाकाखालचा पुंजका पिवळा पडला आहे. यशोदाबाई तो पुसत नाही. रोज सकाळी फक्त बघते.