कार्बाइडमधल्या भेगा

"आज छडा लावायचाच!" भिंगरीने फर्मान सोडलं आणि ढब्बूने उरलेलं बिस्किट घाईघाईने तोंडात कोंबलं. हा तिचा मामेभाऊ सुट्टीला आला होता, पण यंदा खेळायचं कुणाला सुचणार? धातू तासायच्या लेथ यंत्रावर काम करताना हत्याराच्या टोकाचं कार्बाइड तुटून उडालं आणि भिंगरीच्या बाबांचा डावा डोळा गेला. वर मालकांनी निष्काळजी ठरवून कामावरून काढलं. बाबा म्हणत, चूक माझीच, फार जोर लावला. भिंगरीला ते मुळीच पटत नव्हतं.

दोघांनी थेट वर्कशॉप गाठलं. मालकांच्या नाकावर सदा राग, पण भिंगरी हटूनच बसली, तेव्हा त्यांनी तो तुटका तुकडा काढून दिला. कार्बन आणि धातूचं हे संयुग पोलादसुद्धा तासतं, असं ते सांगू लागले.

"एवढं कडक, तर तुटलं कसं?" ढब्बूने विचारलं.

भिंगाखाली तुकड्यात बारीक भेगा दिसल्या, काळपट, म्हणजे आधीच्याच. मालक वरमले आणि समजावू लागले. कार्बाइड कडक, पण ठिसूळ. धार लावताना तापलेलं तसंच पाण्यात बुडवलं की तडकतं. जुन्या पोलादी हत्यारांना ते चालायचं, याला नाही.

मालक माफी मागायला तडक घरी आले. उद्यापासून कामावर या म्हणाले, पोरांनी कमाल केली म्हणाले. भिंगरीला आकाश ठेंगणं झालं.

"पण याला धार कुणी लावली होती?" मालकांनी विचारलं.

"मीच," बाबा घाईने म्हणाले.

तेवढ्यात परसातला धार लावायचा ग्राइंडर थांबला आणि पाण्यात काहीतरी चर्रकन बुडालं. भिंगरीने मागे डोकावलं. परसात आजोबा होते. तेही जुने टर्नर, आयुष्यभर लेथवरच राबलेले. मुलाच्या हत्यारांना ते हौसेने धार लावत. मुलगा कामावर परतला की लागतील, म्हणून आजही लावत होते. बाबांना हे सगळं आधीपासून ठाऊक होतं.

"तापलेलं पाण्यात बुडवलं, म्हणूनच ते तडकलं," मालक सांगत होते, तोच आजोबा दारात आले. त्यांनी ते ऐकलं. हातातलं हत्यार त्यांनी जपून खाली ठेवलं.

"अण्णा, मनाला लावून घेऊ नका," बाबा म्हणाले.

आजोबांनी भिंगरीच्या डोक्यावर हात ठेवला. "शाब्बास, पोरी. खरं ते शोधलंस."

त्यांचा हात अजून ओला होता. भिंगरीला ती शाबासकी नको होती. आजोबांना घट्ट मिठी मारून ती ढसाढसा रडू लागली.