चंद्रावरचं अननसाचं सरबत

चंद्रावरच्या वसाहतीत अननसाचं एकही झाड नव्हतं. तरीही त्या दुपारी शाळेच्या भोजनगृहात अननसाचं सरबत आलं आणि मुलं पेल्यावर पेले रिचवू लागली. "पृथ्वीवरून यान तर आलेलं नाही. मग अननसाचा वास आला कुठून?" रेहानने विचारलं. शाल्मलीलाही ते कोडं सुटेना.

तेवढ्यात खवट तुपासारखा उग्र दर्प आला. मुलांनी नाकं दाबली. दारात शाल्मलीची शरयूआजी उभी होती, प्रयोगशाळेतला डगला तसाच अंगात.

"शी! कोण गं या? तुझ्याकडेच बघतायत," रेहान कुजबुजला.

"मला नाही माहीत," शाल्मली म्हणाली.

आजी जवळच पोचली होती. ती थबकली. मग वाढणाऱ्या मावशींना तिने हळूच विचारलं, "मी पाठवलेलं सरबत आवडलं का मुलांना?" आणि ती निघून गेली.

शाल्मलीने अर्धा पेला तसाच खाली ठेवला.

शाळा सुटल्यावर ती प्रयोगशाळेच्या दाराशी घुटमळली. "ये ना," आजी म्हणाली. त्या शब्दांनी तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माफी मागायची होती, पण तोंडून भलतंच निघालं. "आजी, असल्या घाण वासाचा अननस कसा होतो?"

आजीने एक बाटली दाखवली. "हे ब्युटिरिक आम्ल. खवट वास याचाच. ते अल्कोहोलशी जोडलं गेलं की एस्टर (फळांना वास देणारा एक पदार्थ) तयार होतं. पण आपसूक जोडलं जायला फार वेळ लागतो. म्हणून या मण्यांवर विकर (सजीवांमधलं, रासायनिक क्रियेचा वेग वाढवणारं प्रथिन) बसवलंय. ते दोघांना जोडून देतं आणि स्वतः न संपता पुढच्या जोडीकडे वळतं."

"मग हे कशात विरघळवायचं?"

"कशातच नाही. काही ठिकाणी द्रावक (दुसरे पदार्थ विरघळवणारा द्रव) वापरतात. पण इथे त्याची वाफ पसरली तर? आपण सगळे तीच हवा पुन्हा पुन्हा श्वासात घेतो. आणि हे दोन्ही द्रव एकमेकांत छान मिसळतात. फक्त आम्ल थोडं थोडं घालायचं, एकदम ओतलं तर विकर बिघडतं. जोडताना पाणी सुटतं, तेही काढून टाकायचं. नाहीतर एस्टर फुटून परत आम्ल होईल."

"आजी, दुपारी मी..."

"ऐकलं मी. वाईट वाटलं गं."

शाल्मलीची मान वर होईना. आजी रागावली नाही, तिने जवळही घेतलं नाही. तिने हातमोजे आणि चष्मा पुढे केला. "आम्ल घालायची वेळ झाली. घालतेस?"

शाल्मलीने थेंब थेंब आम्ल घातलं. एक थेंब बाहीवर उडाला.

बाहेर पडताच रेहान भेटला. त्याने नाक मुरडलं. "कसला वास हा?"

शाल्मलीचे कान तापले. "आम्लाचा. सरबत माझ्या आजीने केलं होतं. दुपारी आली होती ना, ती माझी आजी. मी खोटं बोलले."

रेहान ओशाळला. त्यानेही तर नाक दाबलं होतं. "मला दाखवतील त्या?"

शाल्मलीने उघड्या दारातून आत पाहिलं. आजीच्या वतीने हो म्हणायचा तिला धीर होईना.

"उद्या केळ्याच्या वासाचं एस्टर करायचंय," आतून आजीचा आवाज आला. "दोघंही या."