कोठीच्या खिडकीतली इआनेता

खोटं सांगून मला काही मिळायचं नाही. हे माझ्या नणंदेच्या बाबतीत घडलं आणि तिनं ते मला स्वतःच्या तोंडानं सांगितलं... मान खाली घालून.

रात्र नव्हती. अंधार नव्हता. दक्षिण समुद्रातल्या सवाईई बेटावर, आमच्या गावच्या चर्चला लागून असलेल्या वाचनालयात, ऑक्टोबरातल्या एका मंगळवारी, भर दुपारी हे सुरू झालं.

नणंदेचं नाव लोसा. वाचनालयातली जुनी छायाचित्रं इंटरनेटवर मांडायची, हे तिचं काम. मिशनच्या मुलींच्या शाळेच्या काचेच्या निगेटिव्ह एका लाकडी पेटीत सापडल्या होत्या. शंभर वर्षांपूर्वीच्या. त्यांतली एक लोसानं खूप मोठ्या आकारात स्कॅन केली.

अशा चित्राचे कम्प्युटर हजारो बारीक चौकोन करतो. बघणारा जसा जवळ जाईल, तसे ते भरत जातात. लांबून चाळीस मुली. जवळ गेलं की एकीच्या गळ्यातली शिंपल्यांची माळ. आणखी जवळ गेलं की त्यातल्या एका शिंपल्याला गेलेली चीर.

ऑकलंडला, सिडनीला गेलेल्या लोकांनी घरबसल्या आपली आजी, पणजी शोधावी, हा सगळा खटाटोप.

चित्राखालचा मजकूर लिहायचा म्हणून लोसा कोपरान् कोपरा जवळून बघत होती. पांढऱ्या झग्यातल्या मुली. कडेला ताठ उभी असलेली त्यांची बाई. ती लोसाची पणजी. आमच्या घरात तिचं नाव अजून आदरानं घेतात. गावातल्या मुलींच्या सभागृहाला तिचंच नाव आहे.

मुलींच्या मागं कोठीची खोली. तिला लाकडी गजांची खिडकी.

आणि त्या खिडकीत...

एक चेहरा होता.

नऊ-दहा वर्षांची मुलगी. केस बारीक कापलेले. डाव्या भुवईवर एक खूण. दोन्ही हातांनी गज धरलेले. सगळ्या मुली कॅमेऱ्याकडे बघत होत्या. ती बघत होती बाईंकडे.

लोसा घरी आली तेव्हा तिची आई पिठाचे गोड गोळे तळत होती.

"आई, शाळेच्या कोठीत कोण राहायचं?"

आईचा झारा कढईवर तसाच थांबला. "तुला कोणी सांगितलं?"

"कोणी नाही. फोटोत दिसतंय."

आईनं चूल विझवली. मग खालच्या आवाजात सांगितलं. ते साथीचं वर्ष होतं. इआनेता नावाची मुलगी तापली. बाकीच्यांना लागण नको म्हणून पणजीनं तिला कोठीत ठेवलं आणि बाहेरून कडी घातली. तिसऱ्या दिवशी फोटो काढणारा आला. त्याला ठोठावणं ऐकू जाऊ नये म्हणून पणजीनं मुलींना मोठ्यानं गाणी म्हणायला लावली. दोन दिवसांनी कोठी उघडली... तेव्हा सगळं संपलेलं होतं. घरच्यांना निरोप गेला, पोरीला बोटीनं आपिया शहराच्या दवाखान्यात नेलं होतं, तिकडंच गेली.

"काढून टाक ते," आई म्हणाली. "मेलेल्या बाईची अब्रू चव्हाट्यावर मांडून कोणाचं भलं होणार आहे?"

"आई बोलली खरी," लोसा मला म्हणाली. "पण वहिनी, हात माझा होता."

चार मिनिटांचं काम होतं. शेजारच्या भिंतीचा अंधारा तुकडा उचलला आणि चेहऱ्यावर बसवला. हातांवर बसवला. खाली लिहिलं, 'त्या वर्षी शाळेतल्या सर्व मुली सुखरूप घरी परतल्या.'

मूळ स्कॅन तिनं वेगळा ठेवला होता. काच पेटीत होतीच. मूळ तर कुठं गेलं नाही ना, असं तिनं स्वतःला समजावलं.

रविवारी इंटरनेटवरचं हे प्रदर्शन खुलं झालं. पाद्रींनी प्रार्थनेनंतर लोसाला उभं केलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ऑकलंडहून, ब्रिस्बेनहून निरोप आले. कोणाला आजी सापडली, कोणाला आजीची बहीण. लोसा सगळ्यांना हसून उत्तरं देत होती. टाळ्यांच्या वेळी तिची नजर मात्र पायाच्या अंगठ्यावर होती.

मग तो मंगळवार आला.

लोक चित्रात कुठं कुठं जवळ जाऊन बघतात, याची नोंद होते. जिथं जास्त बघतात तिथं लाल डाग दिसतो. डाग मुलींच्या चेहऱ्यांवर असायला हवे होते. होतेही. पण फिकट.

सगळ्यांत गडद डाग होता...

कोठीच्या खिडकीवर.

लोसानं ऑकलंडच्या मावसभावाला, पेनेला फोन लावला. "पेने, तू त्या खिडकीत काय बघत होतास रे?"

"मी कशाला खिडकी बघू? मी आजीला बघत होतो. बोट उचललं की चित्र आपोआप तिकडं सरकायचं. तुझंच काहीतरी बिघडलंय. मोठी कम्प्युटरवाली झालीस ना."

"चेष्टा नको."

"चेष्टा नाही. आणि तो आवाज कशाला घातलास त्यात?"

"कसला आवाज?"

"ठोठावल्यासारखा."

"मी आवाज घातलेला नाही, पेने."

"बरं," पेने म्हणाला. "मग मी नाही बघणार ते परत."

लोसानं फोन ठेवला. बाहेर रणरणतं ऊन. डोक्यावर पंखा. तिनं चित्र उघडलं आणि खिडकीजवळ नेलं. अंधारा तुकडा तसाच होता.

तिनं पंखा बंद केला.

टक... टक... टक.

मध्ये थोडी उसंत.

टक... टक.

बोटाच्या पेरानं वाजवल्यासारखं. लहान बोटाच्या.

गुरुवारी दुपारी एक म्हातारी आली. मेरिपा तिचं नाव. बेटाच्या पलीकडच्या अंगाहून, दोन बस बदलून आलेली. हातात विणलेल्या टोपलीत भाजलेले अळूचे कंद.

"चेहरे मोठे करून दाखवणारी तूच का गं?"

"हो आजी. बसा."

"माझ्या आजीची धाकटी बहीण या शाळेत होती. इआनेता. तिचा एकही फोटो नाही आमच्याकडे. भिंतीवर सगळ्यांचे लावलेत, तिचा खिळा मोकळाच ठेवलाय. आई जाईपर्यंत म्हणायची, कधीतरी मिळेल."

खरं सांगायला तोच क्षण होता. लोसालाही ते कळत होतं.

"त्या नावाची कोणी नाही यात," ती म्हणाली.

मेरिपानं तरी चाळीसच्या चाळीस चेहरे बघितले. एकेक करून. प्रत्येकीला विचारल्यासारखं. शेवटचा चेहरा झाला आणि लोसानं माउसवरचा हात काढून घेतला.

चित्र हळूच सरकलं...

खिडकीपाशी येऊन थांबलं.

टक... टक... टक.

"आत कोण आहे?" मेरिपानं विचारलं.

"कोणी नाही. कोठी आहे ती."

"मग वाजवतंय कोण?"

"छपराचं लाकूड आहे आजी. उन्हानं तडकतं."

मेरिपा लोसाच्या तोंडाकडे बघत राहिली. मग उठली. टोपली तिनं टेबलावरच ठेवली. "खा हे. वाळली आहेस किती."

म्हातारी गेल्यावर लोसाला त्या टोपलीकडे बघवेना. ती कोपऱ्यात सरकवली तरी वास येत होता. आता पुरे, असं तिनं ठरवलं. मूळ चित्र परत लावायचं, नाव लिहायचं, मग आईला काय वाटायचं ते वाटो.

तिनं मूळ स्कॅन उघडला. खिडकीजवळ नेला.

खिडकी रिकामी होती.

चुकून दुसरं उघडलं असेल, असं वाटलं. तिनं जपून ठेवलेली दुसरी प्रत उघडली.

रिकामी.

तिनं पेटीतली काच काढली, दारात नेऊन उन्हासमोर धरली, भिंग लावलं. त्या काचेला तिनं स्कॅन करण्यापलीकडे कधी बोटही लावलं नव्हतं.

गज होते. गजांमागं...

कोणीच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी लोसा मेरिपाच्या घरासमोर जाऊन बसली. आमच्याकडे मोठा अपराध झाला की बसतात तशी. जमिनीवर, डोक्यावरून बारीक विणीची चटई ओढून, माफी मिळेल किंवा हाकलून देतील तोवर. आई येणार नाही म्हणाली होती. थोड्या वेळानं चटई हलली, शेजारी कोणी तरी टेकलं. लोसानं श्वासावरून ओळखलं. आईच होती.

ऊन चढलं. रस्त्यानं जाणारे थांबून बघत होते.

शेवटी मेरिपा बाहेर आली आणि तिनं चटई उचलली. लोसानं सगळं सांगितलं. कडी, गाणी, चार मिनिटं, काच. घरातली माणसं ऐकत उभी होती. एक जण पुढं आला, मेरिपानं त्याला हातानंच अडवलं.

"म्हणजे तिला बघितलेली तू एकटीच," ती म्हणाली.

"हो."

"मग सांग. कशी होती दिसायला?"

लोसानं सांगितलं. केस, भुवईवरची खूण, गज धरलेली बोटं. मेरिपानं डोळे मिटून ऐकलं. पुन्हा सांग म्हणाली. लोसानं पुन्हा सांगितलं.

प्रदर्शनातला खोटा मजकूर तिनं काढला. इआनेताचं नाव लिहिलं, काय झालं तेही लिहिलं, पणजीच्या नावासकट. त्यानंतर तो आवाज कोणाला आला नाही. खिडकी मात्र अजून रिकामीच आहे. मेरिपाचे नातलग कुठून कुठून येतात, लोसाला समोर बसवून ऐकतात.

गेल्या आठवड्यात ती माझ्याकडे आली. मी कोको उकळत होते.

"वहिनी, खूण कुठल्या भुवईवर होती?"

"डाव्या. तूच म्हणाली होतीस."

तिनं डोळे मिटले. कोको उतू गेला, तरी ती तशीच.

"गज दिसतात," ती म्हणाली. "हात दिसतात. हातांच्या वर..."

हे लिहून ठेव, असं मी म्हटलं. लिहायला बसलं की चेहराच डोळ्यांपुढून जातो, म्हणाली.

परवा लोसाला मेरिपाचा फोन आला, मी शेजारीच होते. ऑकलंडहून लेकीची मुलं येतायत, त्यांनाही ऐकायचंय, येशील ना?

"येते आजी," लोसा म्हणाली.

फोन ठेवल्यावर तिनं माझ्याकडे बघितलं नाही. मुलं यायला अजून दोन आठवडे आहेत.