अंधारात बोललेलं

“अहो, जरा सरकता का?”

अबोलीने हे तिसऱ्यांदा विचारलं होतं. आकाशी शर्टातला तो उंच माणूस मात्र दोन टीव्हींच्या बरोबर मध्ये ठाण मांडून उभा! कर्जतच्या बाजारपेठेतलं ते दुकान आधीच एवढंसं. त्यातून दिवसभर मोहोपाड्याच्या कारखान्यातल्या प्रयोगशाळेत उभं राहून तिचे पाय दुखत होते. तेवढ्यात दुकानदार सुनीलने कसलीशी वायर बदलायला समोरचा टीव्ही बंद केला, आणि अबोली त्या माणसाच्या पाठीमागे पुटपुटली, “दगड आहे मेला, नुसता दगड!”

तो झर्रकन वळला.

“दगड नाही हो,” तो जरा मोठ्यानेच म्हणाला. “मला ऐकू येत नाही. पण टीव्हीच्या काळ्या काचेत तुम्ही दिसलात… ओठांवरून कळलं.”

अबोलीच्या हातातली पर्स खाली पडली. धरणीमाता पोटात घेईल तर बरं, असं तिला झालं. “सॉरी… म्हणजे, मला खरंच…” तिने तोंडावर हात ठेवला.

“हात काढा ना,” तो हसला. “नाहीतर पुढचं कसं कळणार?”

त्याचं नाव अजेय. खालापूरला राहायचा, लोकांच्या बंगल्यांचे नकाशे काढायचा. कॉलेजात असताना मोठं आजारपण आलं. ताप उतरला, पण जाताना दोन्ही कान घेऊन गेला. हे त्याने असं सांगितलं, जणू कोणाकडे छत्री विसरली असावी!

“ताई, ह्यो घ्या!” मध्येच सुनीलने डावीकडचा टीव्ही लावला. “चित्र बघा, आरशासारखं हाय! आवाज जरा डब्यातला येतो, पन आवाजाकडं कोन बघतं?”

“आणि तो उजवीकडचा?”

“त्याचा आवाज भारी. बोलून चॅनल लावायचा रिमोट पन हाय. पन चित्र फिकं. बाजूला बसलं की माणसं भुतावानी दिसतात.”

बजेट दोघांचंही बेताचंच, आणि या दोन्ही टीव्हींची किंमत जवळजवळ सारखी. अबोलीचा हात सवयीने डाव्या टीव्हीकडे गेला. चांगलं चित्र कोणाला नको असतं?

“घरी कोण बघणार?” अजेयने विचारलं.

“बाबा.” ती थांबली. “म्हणजे… बघणार नाहीत. काचबिंदूने डोळे गेलेत त्यांचे. ते टीव्ही ऐकतात.”

तो तिच्या ओठांकडे क्षणभर बघत राहिला. मग हळूच उजव्या टीव्हीचा रिमोट उचलून त्याने तिच्या हातात ठेवला. “आणि मी टीव्ही वाचतो. खालची अक्षरं स्वच्छ दिसली म्हणजे झालं. आवाज डब्यातला असो नाहीतर पिंपातला!”

अबोली खुदकन हसली. किती दिवसांनी!

दुसऱ्या दिवशी दहिवलीला घरी खोकं उघडलं, तर आत डावीकडचा, अजेयने घेतलेला टीव्ही. टेंपोवाल्या कमळ्याने अदलाबदल केली होती. फोनवर तो म्हणाला, “ताय, दोनी खोकी सारखीच, मी तरी काय करू? आज गाडी नाय रिकामी.” अबोली चरफडत होती, तोच दारात रिक्षा थांबली. मागच्या सीटवर तिचं खोकं, आणि सुनीलकडून पत्ता घेऊन, खोक्याला मिठी मारून बसलेला घामाघूम अजेय!

टीव्ही जोडेपर्यंत चहा झाला. अबोली कप घेऊन बाहेर आली आणि दारातच थबकली.

बाबा आणि अजेय समोरासमोर बसून भांडत होते. चक्क भांडत होते, कुठला गोलंदाज भारी यावरून! बाबांचे ओठ अजेय वाचत होता, अजेयचा आवाज बाबा ऐकत होते. कुठे काही अडत नव्हतं. डोळे गेल्यापासून बाबांशी गावातली माणसं एकतर ओरडून बोलायची, नाहीतर लहान मुलाशी बोलावं तशी. आणि हा पठ्ठ्या म्हणत होता, “काका, तुम्हाला क्रिकेटमधलं काही कळत नाही!”

बाबा पोट धरून हसत होते. अबोलीच्या हातातला कप हिंदकळला… आणि आत कुठेतरी आणखीही काहीतरी.

मग अजेय दर रविवारी येऊ लागला. सामना हे निमित्त. बाबा समालोचन ऐकून सांगायचे, “बघ, आता कर्णधार घाबरलाय.” अजेय पडदा बघून सांगायचा, “नाही काका, हसतोय तो.” अबोली समोरच्या खुर्चीवर बसायची. त्याला ओठ दिसावेत म्हणून, असं ती स्वतःला सांगायची. तो तिच्याकडे बघत राहायचा. ओठ वाचण्यासाठीच, दुसरं काय? पण ती गप्प असली तरी बघायचा. तेव्हा काय वाचायचा कोण जाणे…

मे महिन्यातला एक रविवार. सोंडाईच्या डोंगराकडून वळवाचे ढग भरून आले होते. संध्याकाळीच घरात अंधारून आलं होतं. अबोली भज्यांची ताटली घेऊन आली आणि अजेय सहज म्हणाल्यासारखा म्हणाला,

“पुढच्या रविवारी मी नाही. पनवेलला मुलगी बघायला जायचंय. आई मागे लागलीय.”

ताटली तिने टेबलावर ठेवली की आपटली, तिचं तिलाच कळलं नाही.

“छान,” ती म्हणाली.

“छान?” त्याने तिच्या ओठांकडे निरखून बघितलं, जणू वाचण्यात चूक झाली असावी.

तेवढ्यात वाऱ्याचा झोत आला, खिडकी दाणकन आदळली आणि लाइट गेली. काळोख!

“आवाज बंद झाला, म्हणजे लाइट गेली वाटतं,” बाबा म्हणाले. “तुम्ही बसा, धडपडाल. गॅलरीची दारं मी लावतो.” त्यांची पावलं सराईतपणे दूर गेली.

अंधारात अजेय नेहमीच मुका व्हायचा. ओठ दिसले नाहीत की त्याचं जगच मिटायचं. अबोलीला तो दिसत नव्हता, फक्त त्याचा श्वास ऐकू येत होता. आणि कोणीच ऐकणार नाही, या धीराने तिचा बांध फुटला.

“जाऊ नकोस ना पनवेलला… मूर्ख माणसा! दर रविवारी मी काय सामना बघायला बसते? माझा जीव जडलाय रे तुझ्यावर. कसं कळत नाही तुला?”

आणि गॅलरीच्या दारातून बाबांचा आवाज आला,

“त्याला नाही ऐकू आलं, अबू. मला आलं.”

अबोली भिंतीकडे सरकली. अन् त्याच क्षणी भक्कन लाइट आली! ती भिंतीला टेकून उभी, गाल ओले. अजेय ताडकन उठला. “काय झालं? रडताय का तुम्ही?”

“अजेय, इकडे बघ,” त्याच्या आवाजाच्या रोखाने पुढे येऊन बाबांनी त्याचा खांदा ओढला. “ही आत्ता म्हणाली—”

“बाबा!”

“—पनवेलला जाऊ नकोस. त्यापुढचं मी सांगणार नाही. ते तिचं तिने सांगावं.”

अजेय अबोलीकडे वळला. “पण तुम्ही तर छान म्हणालात… मला वाटलं, या घरात एकाला सांभाळणंच पुष्कळ आहे. त्यात माझी भर कशाला?”

“अरे गाढवा,” बाबांनी त्याला पुन्हा आपल्याकडे वळवलं, “सांभाळायला ती कशाला, तुला मीच सांभाळेन!”

अजेय पुढे आला. तिच्या समोर, ट्यूबलाइटच्या उजेडात. “सांगा ना,” तो पुटपुटला. आयुष्यात पहिल्यांदाच त्याचा आवाज इतका लहान झाला होता.

अबोलीने एकदा बाबांकडे पाहिलं. त्यांनी कान अगदी टवकारले होते. ती ओल्या डोळ्यांनी हसली. आणि मग, मुळीच आवाज न करता, नुसते ओठ हलवून तिने सगळं पुन्हा सांगितलं… अगदी सावकाश, अक्षरन् अक्षर. अंधारात जे बोलली नव्हती, तेही.

शेवटचा शब्द वाचून अजेय बाबांकडे वळला.

“काय रे, बोलली का ती?” बाबा अस्वस्थ झाले. “मला कसं काही ऐकू आलं नाही? अरे, कोणीतरी बोला की!”

“बोलली, काका!” अजेय इतक्या मोठ्याने ओरडला की शेजारच्या शकूमावशी खिडकीत आल्या. “सगळं बोलली! आणि मी हो म्हणतोय… हो!”